कसोटीचे आंकडे आणि मुलाची प्रगति

पुण्याच्या एका घरांत सकाळच्या चहाच्या वेळीं फोनवर एक छायाचित्र येतें. अमेरिकेंत तिसऱ्या इयत्तेंत शिकणाऱ्या नातवाच्या शाळेनें एप्रिलांत जी कसोटी घेतली, तिचें तें फलपत्रक असतें. वाचनापुढें ६० आणि गणितापुढें ५० असे आंकडे त्यावर दिसतात. आजी चष्मा पुसून पुन्हां पाहतात आणि म्हणतात, "अरे, गणितांत पन्नासच? तुला तर कधीं नव्वदाच्या खालीं मिळाले नव्हते!" पलीकडून मुलगा सांगूं लागतो, "आई, ते गुण नव्हेत, तो पर्सेंटाइल आहे." पण पर्सेंटाइल म्हणजे नेमकें काय, हें त्यालाहि धड सांगतां येत नाहीं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठीं गणिताच्या शिकवणीचा शोध सुरू होतो.

असा प्रसंग अनेक घरांत घडण्याजोगा आहे. ज्या समाजाला शंभरांपैकीं गुण मोजण्याची संवय कित्येक पिढ्या जडलेली आहे, त्याच्यापुढें निराळ्या रीतीनें काढलेला आंकडा आला, कीं तोहि जुन्याच रीतीनें वाचला जातो. आंकडा खरा असतो, वाचणाराहि प्रामाणिक असतो, आणि तरीहि निष्कर्ष साफ चुकतो. ह्याचें कारण उघड आहे. प्रत्येक आंकडा हें कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतें. तो प्रश्न कोणता, हें न विचारतां नुसतें उत्तरच वाचलें, तर त्याचा अर्थ लागणार कसा? आणि ह्या चुकीची किंमत भरावी लागते ती मात्र मुलाला. "हा गणितांत कच्चा" हा शिक्का एकदां बसला, कीं मूल स्वतःहि तो खरा मानूं लागतें.

प्रमाणित कसोट्यांचा जन्म एका रास्त तक्रारींतून झाला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट ह्या दोघां अभ्यासकांनीं १९१२ सालीं इंग्रजीच्या एका उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यासाठीं धाडल्या. उत्तरपत्रिका एकच, पण कोणी तिला साठीच्या घरांतले गुण दिले, तर कोणी नव्वदीच्या वरचे. भाषेच्या विषयांत मतभेद व्हावयाचेच, असें कोणी म्हणेल म्हणून पुढल्या वर्षीं त्यांनीं भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तिचे गुण तर तिशीच्या आंतल्यापासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरलेले निघाले! तेव्हां मुलाचे गुण हे मुलावर जितके अवलंबून, तितकेच तपासणाऱ्या हातावरहि अवलंबून असतात, ही गोष्ट उघड झाली. तपासणाऱ्याचा हात बाजूला ठेवून मुलाचें ज्ञान मोजतां यावें, ह्या हेतूनें १९२० नंतर स्टॅनफर्डची आणि १९३५ पासून आयोवाची अशा वाचन-गणिताच्या कसोट्या शाळाशाळांतून रूढ झाल्या.

प्रमाणित ह्या शब्दाचे येथें दोन अर्थ आहेत. पहिला असा कीं, प्रश्न, वेळ, सूचना आणि तपासणी ह्या चारहि गोष्टी सर्वांना सारख्या. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. कसोटी सर्वत्र वापरण्यापूर्वीं ती निवडक पण प्रातिनिधिक अशा हजारों मुलांना देऊन पाहतात. त्या मुलांनीं काय केलें, ह्याचीं कोष्टकें तयार होतात, आणि पुढें येणाऱ्या प्रत्येक मुलाचे गुण त्या कोष्टकांशीं ताडून पाहिले जातात. किराणा दुकानांतल्या वजनाला जसा सरकारी प्रमाण-वजनाचा आधार, तसा ह्या कसोटीला त्या मूळच्या मुलांचा आधार. ह्या समूहाला प्रमाण-समूह म्हणतात.

आतां त्या ५० कडे वळावें. बोलण्यांत ज्याला पर्सेंटाइल म्हणतात, त्याला मराठींत शततमक असा शब्द आहे. शेंकडेवारी आणि शततमक हे शब्द जवळचे वाटतात, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. "शंभर प्रश्नांपैकीं किती बरोबर आले?" ह्याचें उत्तर शेंकडेवारी देते. "प्रमाण-समूहांतील त्याच इयत्तेच्या शंभर मुलांची रांग लावली, तर किती मुलें ह्याच्या मागें राहतील?" ह्याचें उत्तर शततमक देतो. मुलाला गणितांत ५० हा शततमक मिळाला, म्हणजे तो रांगेच्या बरोबर मध्यावर उभा आहे. त्यानें पन्नास टक्के प्रश्न सोडविले असें नव्हे. कदाचित् सत्तर टक्के सोडविले असतील. कसोटी सोपी असेल, तर रांगेच्या मध्यावर उभ्या असलेल्या मुलाचे बरोबर प्रश्न पुष्कळ असतात; कठीण असेल, तर थोडे. रांगेंतली जागा त्यावरून बदलत नाहीं.

ह्या रांगेविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. शततमक जागा सांगतो, अंतर सांगत नाहीं. शर्यतींत पहिला आणि दुसरा ह्यांच्यांत दहा पावलांचें अंतर असेल, आणि विसावा व एकविसावा ह्यांच्यांत बोटभराचें. मुलांच्या गुणांचीहि हीच तऱ्हा असते. बहुतेक मुलें मध्याच्या आसपास दाटीनें उभीं असतात; टोकांकडे गर्दी विरळ होत जाते. म्हणून मध्यावर एखाद-दुसरा प्रश्न जास्त सुटला, तरी मूल पांच-सात मुलांना ओलांडून पुढें जातें. टोकाला तेवढ्याच जागा ओलांडण्यास पुष्कळ अधिक ज्ञान लागतें. गुणांची वांटणी नेहमींच्या घंटेच्या आकाराची धरली, तर ९० पासून ९९ पर्यंतचें अंतर हें ५० पासून ६० पर्यंतच्या अंतराच्या चौपट भरतें. यंदां पन्नासावर असलेला मुलगा पुढल्या वर्षीं चव्वेचाळीसावर आला, म्हणून घरांत सुतक धरण्याचें कारण नाहीं. आणि छप्पन्नावर गेला, म्हणून पेढे वांटण्याचेंहि नाहीं.

रांग कोणाची, हा प्रश्नहि तितकाच मोलाचा आहे. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों ह्यांनीं १९०५ सालीं मुलांच्या बुद्धिमापनाची जी कसोटी रचली, ती पुढें अनेक देशांत गेली. पण नुसतें भाषांतर करून भागत नाहीं. मुंबई-कर्नाटक भागांतील कानडी व मराठी मुलांसाठीं ती बसवितांना डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांना प्रश्न बदलावे लागले, त्यांचा क्रम बदलावा लागला, आणि येथल्याच मुलांवर ते अजमावून नवीं कोष्टकें तयार करावीं लागलीं. त्यांचें पुस्तक १९४० सालीं प्रसिद्ध झालें. फ्रेंच मुलांच्या रांगेंत धारवाडचें मूल उभें केलें, तर तें पुढें कीं मागें हें कळेल खरें; पण त्या कळण्याला अर्थ कोणता?

रांग कोणत्या काळची, हेंहि पाहावें लागतें. १९८७ सालीं अमेरिकेंतील जॉन कॅनेल नांवाच्या एका डॉक्टरानें सर्व राज्यांचे निकाल गोळा केले, तेव्हां एक मौज उघडकीस आली. पन्नासहि राज्यें आपलीं प्राथमिक शाळांतील मुलें राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचें सांगत होतीं! सगळेच सरासरीच्या वर कसे असतील? ह्या कोड्याचें एक कारण असें होतें कीं, तुलनेचीं कोष्टकें कित्येक वर्षें जुनीं होतीं. आजच्या मुलांची गांठ कालच्या मुलांच्या रांगेशीं घातली जात होती. शिवाय त्याच त्या कसोट्या वर्षानुवर्षें वापरल्यामुळें शिक्षकांना त्यांतले प्रश्न परिचयाचे झाले होते. मुलें खोटीं नव्हतीं, आंकडेहि खोटे नव्हते. मापाची पट्टीच झिजली होती.

पुण्याच्या त्या आजींनीं पत्रकाचा शेजारचा रकाना पाहिला असता, तर त्यांचा जीव थोडा भांड्यांत पडला असता. तेथें वाचनापुढें ४.२ आणि गणितापुढें ३.७ असें छापलेलें होतें. ह्याला इयत्ता-तुल्य अंक म्हणतात. दशांश-चिन्हाच्या आधींचा आंकडा इयत्ता दाखवितो, नंतरचा त्या इयत्तेचा महिना. सप्टेंबरापासून शून्य, एक, दोन असे महिने मोजीत गेलें, म्हणजे एप्रिल हा तिसरीचा सातवा महिना येतो. म्हणजे ३.७ ह्याचा अर्थ इतकाच, कीं तिसरीच्या सातव्या महिन्यांतल्या मुलांच्या ठीक मध्यावर हा मुलगा आहे. शततमकाच्या रकान्यांत जें ५० लिहिलें होतें, तेंच येथें दुसऱ्या भाषेंत ३.७ असें लिहिलें आहे. एक वाचून घरांत काळजी शिरली. दुसरें कोणी वाचलेंच नाहीं.

पण हा दुसरा आंकडाहि वाटतो तितका साधा नाहीं. वाचनापुढचें ४.२ पाहून मुलगा चौथीच्या पुस्तकांत जाऊन बसला, असा ग्रह सहज होतो. तो चुकीचा आहे. त्यानें सोडविली ती तिसरीचीच कसोटी. चौथीच्या दुसऱ्या महिन्यांतल्या मध्यम मुलाला तीच तिसरीची कसोटी दिली असती, तर त्याला जितके गुण पडले असते, तितके ह्याला पडले, एवढाच त्या अंकाचा अर्थ. गणितांत तर ही गफलत अधिक होते. तिसरीच्या एखाद्या चपळ मुलाला ५.८ असा अंक मिळतो आणि आईबाप त्याला थेट पांचवींत घालण्याची भाषा बोलूं लागतात. त्या मुलाला बेरीज-वजाबाकी बिनचूक येते, हें खरें; पण जे अपूर्णांक त्याला कोणी शिकविलेच नाहींत, ते त्याला कसोटींत विचारलेहि नव्हते. उलट, मध्याची व्याख्याच अशी आहे, कीं निम्मीं मुलें तिच्या खालीं असावयाचींच. तेव्हां "माझें मूल इयत्तेच्या खालीं आहे" ह्या वाक्यानें दचकण्यापूर्वीं, देशांतलीं निम्मीं मुलें त्याच्या सोबतीला आहेत, हें आठवावें.

ह्यापुढचा मुद्दा मापनाच्या चुकीचा. चूक म्हणजे कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. एकाच माणसानें एकाच तराजूवर एकच भाजी दोनदां तोलली, तरी कांटा केसभर इकडे-तिकडे होतो. मग आठ वर्षांच्या मुलाचें मन तोलतांना तो किती हलेल? कसोटीच्या दिवशीं मुलाला सर्दी असेल, आदल्या रात्रीं झोंप झाली नसेल, नेमका त्याच्या आवडीच्या हत्तींवरचा उतारा वाचावयास आला असेल, किंवा न येणाऱ्या प्रश्नाचें उत्तर अंदाजानें बरोबर पडलें असेल. दुसऱ्या दिवशीं तीच कसोटी त्याच मुलाला दिली, तर दुसरा आंकडा येईल.

हा हेलकावा किती, हें मोजण्याचें शास्त्र आहे आणि त्याला मापनाची प्रमाण-त्रुटि म्हणतात. चांगल्या, भरंवशाच्या कसोटीचा विश्वसनीयतेचा गुणांक ०.९० असला, तरीहि पन्नासावर दिसणाऱ्या मुलाची खरी जागा सुमारें ३८ पासून ६२ पर्यंत कोठेंहि असूं शकते, असें हिशेब सांगतो. आणि एवढा ऐसपैस पट्टा घेऊनहि तीन वेळांपैकीं सुमारें दोनच वेळां खरी जागा त्यांत सांपडते. वाचनाच्या साठाचा पट्टा अशाच रीतीनें साधारण ४७ पासून ७२ पर्यंत जातो. हे दोन पट्टे एकमेकांवर पडतात. तेव्हां वाचन ६० आणि गणित ५० एवढ्यावरून "मुलगा भाषेंत बरा, गणितांत कच्चा" असा निवाडा करणें, हें तराजूच्या हेलकाव्यालाच वजन समजण्यासारखें आहे. अनेक फलपत्रकांवर आंकड्याच्या दोहों बाजूंस एक आडवी पट्टी छापलेली असते. ती शोभेसाठीं नसते. ज्यानें पत्रक तयार केलें, त्यानेंच दिलेली ती सावधगिरीची सूचना असते. वाचणारा मात्र मधला ठिपकाच तेवढा पाहतो.

आतांपर्यंत सांगितलें तें सारें रांगेचें माप. ह्याहून अगदीं निराळें असें दुसरें एक माप आहे. त्यांत मूल दुसऱ्या मुलांशीं ताडून पाहात नाहींत. एक ठराविक काम पुढें ठेवतात आणि तें येतें कीं नाहीं, एवढेंच पाहतात. पोहणें शिकविणारा गुरु विहिरीच्या कांठावर "तूं शंभरांत कितवा?" असें विचारीत नाहीं, "ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत जातां येतें का?" एवढेंच विचारतो. ह्या प्रकारच्या मापाचें भारतांतील ठळक उदाहरण म्हणजे 'असर' ही पाहणी. मुंबईंत १९९० नंतरच्या दशकांत उगम पावलेल्या 'प्रथम' ह्या संस्थेनें ती २००५ सालीं सुरू केली. तींत स्वयंसेवक शाळेंत न जातां खेड्यांतल्या घरोघरीं जातात आणि पांच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाजवळ बसून त्याच्या भाषेंत एकेकट्याची परीक्षा घेतात.

त्या कसोटीच्या पायऱ्या कोणालाहि समजाव्यात इतक्या सोप्या आहेत. वाचनांत अक्षर, शब्द, पहिलीच्या तोडीचा लहान उतारा आणि शेवटीं दुसरीच्या तोडीची गोष्ट. गणितांत एक ते नऊ अंकांची ओळख, दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि शेवटीं तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनें भागणें. निकाल म्हणून मुलाच्या नांवापुढें शंभरांतला कोणताहि आंकडा पडत नाहीं. तें कोणत्या पायरीवर उभें आहे, एवढेंच कळतें. ह्या मापाचा मोठा गुण असा, कीं त्यांत सगळीं मुलें वर जाऊं शकतात. रांगेंत कोणी पुढें गेलें, कीं कोणी तरी मागें पडतेंच. पायऱ्यांवर तसें बंधन नाहीं.

२०२४ च्या पाहणींत भारताच्या ग्रामीण भागांत तिसरींतल्या मुलांपैकीं २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या तोडीची गोष्ट वाचतां आली, आणि ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी आली. २०२२ सालीं हेच आंकडे २०.५ व २५.९ होते. दोन वर्षांत केवढी सुधारणा, असें कोणी म्हणेल. आणि तें खोटें नाहीं. पण २०२२ चा आंकडा महामारींत शाळा दीर्घ काळ बंद राहिल्यानंतरचा होता. त्यापूर्वींच्या, २०१८ च्या आंकड्यांशीं ताडून पाहिलें, तर वाचन २७.३ वरून २७.१ वर, म्हणजे जेथल्या तेथें आलेलें दिसतें. वजाबाकी मात्र २८.२ वरून खरोखरच पुढें गेलेली दिसते. आंकडे तेच असूनहि कोणत्या वर्षाशीं तुलना केली, त्यावरून कथा बदलते. ह्याचसाठीं वाढ किंवा घट कानांवर आली, कीं "कोणत्या सालापासून?" असें विचारण्याची संवय जडवून घ्यावी.

दुसरीहि एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. शंभरांतल्या ज्या त्र्याहत्तर मुलांना ती गोष्ट वाचतां आली नाहीं, तीं सारीं एका माळेचे मणी नव्हेत. कोणी उतारा वाचून गोष्टीपाशीं अडलेलें असतें, कोणी शब्दांपाशीं, तर कोणाला अजून अक्षरेंहि नीट ओळखतां येत नाहींत. तिघांना एकच पुस्तक एकाच वेगानें शिकविलें, तर तिघांचेंहि नुकसान होतें. म्हणून ह्या पाहणींतून एक शिकविण्याची रीतच निघाली. मुलांना इयत्तेप्रमाणें न बसवितां दिवसाचा कांहीं वेळ पायरीप्रमाणें बसवावयाचें, आणि जेथें मूल अडलें असेल तेथूनच त्याला पुढें न्यावयाचें. आंकड्याचा ह्याहून सार्थ उपयोग क्वचितच असेल. तथापि ह्या मापालाहि मर्यादा आहे. गोष्ट वाचून भागाकार करणारें मूल शेवटच्या पायरीवर पोंचलें. त्याच्यापुढें त्याला आणखी काय येतें, हें ही कसोटी सांगूं शकत नाहीं. आणि मुलाच्या पायरीवरून त्याच्या बुद्धीची परीक्षा तर मुळींच होत नाहीं.

जेथें ठराविक पायऱ्या असतात, तेथें त्या पायऱ्यांचीं नांवें फसवूं शकतात. अमेरिकेंत १९६९ पासून एक राष्ट्रीय पाहणी चालते. ती एकेका मुलाचा निकाल देत नाहीं. निवडक शाळांतील मुलांवरून साऱ्या देशाचें चित्र काढते. चौथीच्या वाचनांत २०१९ पासून २०२२ पर्यंत सरासरी तीन अंकांनीं घसरली आणि २०२४ पर्यंत आणखी दोन अंकांनीं. गणितांत पांच अंकांची घसरण होऊन २०२४ पर्यंत दोन अंक भरून निघाले. ह्या पाहणींत मूलभूत, प्रवीण व प्रगत अशा तीन पायऱ्या ठेवलेल्या आहेत. २०२४ सालीं चौथीच्या वाचनांत ३१ टक्के मुलें प्रवीण किंवा त्यावरच्या पायरीवर होतीं. लगेच असें बोललें जाऊं लागतें, कीं दोन-तृतीयांशांहून अधिक मुलांना आपल्या इयत्तेचें वाचतां येत नाहीं. पण पाहणी करणारे स्वतःच बजावून सांगतात, कीं प्रवीण म्हणजे इयत्तेपुरतें वाचन नव्हे. ती त्याहून उंच ठेवलेली पायरी आहे. खरी काळजी वाटावी, तीं मूलभूत पायरीहि न गांठलेलीं ४० टक्के मुलें. सत्तरांच्या गजरांत ह्या चाळीसांची हांक बुडून जाते, हें त्या चुकीचें खरें नुकसान.

नांवांच्या पलीकडे जाऊन प्रत्यक्ष प्रश्नपत्रिका पाहिली, तर आणखी एक कोडें उलगडतें. गणिताच्या कसोटींत मोजलें जातें तें गणितच असतें का? "एका बागेंत बावन्न झाडें होतीं, त्यांतलीं एकोणीस वादळांत पडलीं" असें उदाहरण घातलें, कीं मुलाला आधीं वाचावें लागतें, मग समजून घ्यावें लागतें, आणि मग वजाबाकी करावी लागते. तिन्हींपैकीं कोठेंहि पाऊल अडखळलें, तरी पत्रकावर "गणितांत कमी" एवढेंच उमटतें. घरीं मराठी व शाळेंत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतींत ही शंका अधिकच बळावते. मराठी मुलाला तर संख्येच्या नांवाचाहि ओलांडा आहे. बावन्न ह्या शब्दांत दोन आधीं येतात आणि पन्नास मागून. लिहितांना मात्र पांच आधीं लिहावयाचे. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'पन्नास दोन', 'साठ तीन' अशी रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. त्या वादांत कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न निराळा. पण पंचवीस लिही म्हटल्यावर बावन्न लिहिणारें मूल गणितांत अडलें कीं शब्दांत, हें त्याच्या शेजारीं बसून पाहिल्याशिवाय कळत नाहीं, एवढें त्यावरून खचित दिसतें.

मापाचा उपयोग औषध शोधण्यासाठीं व्हावा. त्याचा चाबूक झाला, कीं मापच बिघडतें. अमेरिकेंत २००२ सालीं झालेल्या कायद्यानें तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाची वाचन-गणिताची कसोटी दर वर्षीं घेणें बंधनकारक केलें, आणि २०१४ पर्यंत सर्व मुलें प्रवीण झालींच पाहिजेत, अशी मर्यादा घातली. न जमल्यास शाळांना शिक्षा होती. ह्या ओझ्याखालीं कांहीं शाळांनीं कसोटींत न येणारे विषयच आंखडते घेतले. अटलांटा शहरांत तर शिक्षकांनींच मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीचीं उत्तरें पुसून बरोबर केल्याचें उघडकीस आलें. २०११ च्या सरकारी चौकशींत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांवर ठपका ठेवण्यांत आला. ज्या मुलांना मदतीची सर्वांत अधिक गरज होती, त्यांच्या पत्रकांवर चांगले आंकडे उमटले आणि मिळावयाची मदत तेवढी टळली. तो कायदा २०१५ सालीं बदलला. वार्षिक कसोट्या मात्र राहिल्या.

मग ह्या कसोट्या टाकूनच द्याव्यात का? तसें म्हणणें म्हणजे ताप चढला म्हणून तापमापक फोडण्यासारखें होईल. मुलगी गोड बोलते, वर्गांत शांत बसते, म्हणून तिला वाचतांहि येत असेल, असें गृहीत धरलें जातें. अशा वेळीं तिला अजून जोडाक्षरें येत नाहींत हें कसोटीच प्रथम दाखवून देते. गरीब वस्तींतल्या मुलाविषयीं मनांत धरलेला आकसहि कसोटी उघडा पाडते. ती नसती, तर खेड्यांतलीं कित्येक मुलें शाळेंत जाऊनहि वाचावयास शिकत नाहींत, ही गोष्ट कानांआड करणें सोपें गेलें असतें. दोष मापाचा नाहीं. एका मापावरून सारें माणूस जोखण्याच्या घाईचा आहे.

म्हणून फलपत्रक हातीं आलें, कीं सुज्ञ घरानें चार प्रश्न विचारावेत. हा आंकडा रांगेंतली जागा सांगतो, कीं पायरी? रांग असेल, तर ती कोणाची आणि केव्हांची? ह्या आंकड्याच्या दोहों बाजूंस किती जागा मोकळी सोडावी? आणि ज्या प्रश्नांवर मूल अडलें, ते प्रश्न कोणते? शाळेंत जाऊन शिक्षकांना विचारावयाचें, तें ह्या चौथ्या प्रश्नाविषयीं विचारावें, कारण उपाय त्याच्याच उत्तरांत असतो. एका वर्षाच्या आंकड्यावर निर्णय घेऊं नये. दोन-तीन वर्षांचा ओघ, वर्गांतलें रोजचें काम आणि शिक्षकांचा अनुभव हीं तिन्हीं एकाच दिशेनें बोट दाखवीत असतील, तर मात्र दिरंगाई करूं नये. आणि कोणताहि आंकडा मुलादेखत त्याच्या भावंडाच्या आंकड्याशेजारीं ठेवूं नये.

पुण्याच्या त्या आजींच्या हातीं तर त्याहूनहि सोपा मार्ग आहे. पुढल्या रविवारीं नातू फोनवर दिसेल, तेव्हां त्याला एखादी गोष्ट वाचून दाखविण्यास सांगावें, आणि ती संपली, कीं तींत काय झालें असें विचारावें. बावन्नांतून एकोणीस तोंडीं वजा करावयास सांगावें, आणि उत्तर आल्यावर "कसें केलेंस रे?" एवढें विचारून तो सांगेल तें सारें ऐकून घ्यावें. पत्रकावरच्या पन्नासाला जें सांगतां आलें नाहीं, तें त्या पांच मिनिटांत पुष्कळसें कळेल. आणि शिकवणी लावावयाची कीं नाहीं, हें मग ठरवावें.